देवघरातला घट आणि उगवणीची पेटी

आमच्या केज तालुक्यात घटस्थापनेला शेतातली काळी माती घरी येते. आई ती परडीत पसरायची, ज्वारी, गहू, हरभरा, करडई असं घरचंच बी त्यात टाकायची आणि वर मातीचा घट मांडायची. घट पाझरून माती ओली राही, कोपऱ्यात वारा लागत नसे, दिवा अखंड तेवे. दसऱ्याला घट उठेस्तोवर पिवळीधमक रोपं वीतभर झालेली असत. वडील तो तुरा टोपीत खोवत आणि गव्हाला यंदा जोर नाही, हरभरा फक्कड आहे, हे तिथंच ठरवत. गहू-हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली असे.

पुढं माझी उभी नोकरी बीज परीक्षण प्रयोगशाळेत गेली. तिथली उगवणीची पेटी पहिल्यांदा उघडली तेव्हा मला देवघरच आठवलं. दुहेरी भिंती, मधे उष्णता अडवणारं भरण, तळाशी पाणी, शिवाय गरम करायची आणि थंड करायचीही सोय. गव्हाला २० अंश, ज्वारी-सोयाबीनला २५. गव्हाची शेवटची मोजणी आठव्या दिवशी, ज्वारीची दहाव्या.

मग घट का पुरेना? बी घरचं होतं तोवर पुरत होता. बी विकत यायला लागलं, की विकणारा आणि घेणारा दोघांनी मानावा असा आकडा लागतो. जर्मनीतल्या थारांट इथं फ्रीडरिख नोबं यांनी १८६९ साली पहिलं बीज परीक्षण केंद्र काढलं ते भेसळीच्या बियाण्यामुळंच. आपल्याकडं बियाणे कायदा १९६६चा. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी, असं प्रमाण ठरलं. पण बीडचा पारा वैशाखात चाळिशी ओलांडतो आणि पौषात रात्री हुडहुडी भरते. उघड्यावर तपासलं तर एकाच पोत्याचे दोन आकडे येतील. आकड्याला अर्थ येतो तो पेटीतल्या स्थिर तापमानामुळं.

२०२०च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. सोयाबीनची साल फार नाजूक. मळणीत, पोती आदळण्यात बी मरतं आणि वरून कळत नाही. म्हणून मी अजून प्रत्येकाला सांगतो: विकतचं असो की घरचं, शंभर दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा. आठवड्यानं मोजा. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो पुरे. साठच उगवले तर ३५ धरा.