डॉ. भाऊ दाजी लाड : देणारा आणि घेणारा

मुळगावच्या वाचकाला पेडणे महाल परका नाही. डिचोलीप्रमाणेच तोही नव्या काबिजादीतला. या महालाशी नाते सांगणाऱ्या लाड घराण्यातील रामकृष्ण विठ्ठल ऊर्फ डॉ. भाऊ दाजी यांचे मुंबईतील कर्तृत्व सर्वश्रुत आहे. काठेवाड-गुजरातेतील बालिकाहत्येवरील त्यांच्या निबंधास ६०० रुपयांचे पारितोषिक लाभले. १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना झाली. पुढे वैद्यकीत अमाप पैसा आला, आणि तो आला तसा गेलाही. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासमवेत त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. मुलींच्या शाळा, ग्रंथसंग्रह, जुनी नाणी, हस्तलिखिते या सर्वांवर त्यांचा हात सैल असे.

या सैल हाताचा फायदा कोणी घेतला काय, असा प्रश्न सहज मनात येतो. अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि मुंबईत शेअरांच्या सट्ट्याला ऊत आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो फुगा फुटला, आणि अनेक प्रतिष्ठितांप्रमाणे भाऊंचीही मोठी हानी झाली. परंतु ही लुबाडणूक नव्हे. त्या लाटेत भलेभले वाहवले, भाऊही त्यांतलेच. त्यांच्या औदार्याची खरी कथा अन्यत्र आहे.

१८६२ च्या सुमारास जुनागढचे तरुण भगवानलाल इंद्रजी भाऊंकडे आले. शिलालेखांचे ठसे घेणे, नकला करणे, लिपी लावणे यांत त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. मात्र इंग्रजीत लिहिणे त्यांना जमत नव्हते. भाऊंनी त्यांना पदरी ठेवले, प्रवासाचा खर्च सोसला. सट्ट्यातील हानीनंतरही हा ओघ आटला नाही : उत्तर हिंदुस्थान आणि नेपाळपर्यंतच्या त्यांच्या प्रवासामागे भाऊंचाच पैसा होता. ज्यावर काडीचेही व्याज मिळणार नाही अशा कामी, स्वतः अडचणीत असताना पैसा घालणारा मनुष्य विरळाच!

तथापि नाण्याला दुसरी बाजू आहे. भगवानलालांनी उन्हातान्हात कातळावर बसून उतरविलेल्या मजकुराच्या आधारे जे इंग्रजी निबंध एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आले, ते भाऊंच्या नावाने. मग कोणी कोणाचा लाभ घेतला? त्या काळी पगारी पंडिताचे श्रम यजमानाचे मानण्याची रीत होती, हे खरे; पण रीत होती म्हणून ऋण फिटत नाही. उलटपक्षी, भाऊंचे द्रव्य नसते तर जुनागढचा तो विद्वान जुनागढातच राहिला असता, हेही नाकारता येत नाही.

१८७४ मध्ये भाऊ निवर्तले. त्यानंतर डॉ. ब्यूलर यांच्या साहाय्याने भगवानलालांचे लेखन त्यांच्या स्वतःच्या नावाने प्रसिद्ध होऊ लागले. १८८२ मध्ये त्यांनी सोपाऱ्याच्या स्तूपाचा शोध लावला, आणि १८८४ मध्ये हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीसाठी भाऊंनी चिटणीस म्हणून खटपट केली होती, त्या भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला भाऊंचे नाव मिळण्यास मात्र १९७५ साल उजाडावे लागले.