बाहुलीचा हौद : बुधवार पेठेतील वाडा, पाणी आणि एक मुलगी

पुण्याच्या बुधवार पेठेत फरासखान्यापाशी एक लहानसा हौद आहे. दगडूशेठ हलवाई गणपतीच्या दर्शनाला निघालेली हजारो माणसे रोज त्याच्या जवळून जातात. थांबून त्यावरचा शिलालेख वाचणारे विरळाच.

हौद १८८० सालचा. बांधणारे डॉ. विश्राम रामजी घोले. ज्या व्यक्तीच्या स्मरणार्थ तो बांधला गेला ती ना राजा होती, ना सरदार, ना साधू. ती त्यांची मुलगी काशीबाई. घरात तिला 'बाहुली' म्हणत. १८७७ साली ती गेली तेव्हा तिला दहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

मूल निरोगी कसे वाढवावे, त्याला पाण्याची, झाडाची, मातीची जाण कशी द्यावी, हा प्रश्न आजच्या घरांना नवा वाटतो. या पेठेत तो दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि त्याचे एक उत्तर दगडात बांधलेले आहे. ते समजून घ्यायचे तर आधी वाड्यात शिरावे लागेल.

पेशवाईतला आणि त्यानंतरचा पुणेरी वाडा हे काटकसरीचे एक लहानसे राज्य होते. मधोमध चौक, चौकात तुळशीवृंदावन, कोपऱ्यात आड किंवा हौद, मागे परसू. पाणी शेंदावे किंवा भरावे लागे, म्हणून ते मोजून वापरले जाई. भांडी राखेने घासली जात. चुलीची राख घासायला जाई आणि घासलेले पाणी परसातल्या अळूला, केळीला. जेवणावळ पत्रावळीवर, द्रोणात. उष्टे-खरकटे गोठ्यातल्या गाईपुढे. शेणाचा सडा अंगणात, शेणाची गोवरी चुलीत. फाटलेल्या लुगड्याची गोधडी होई आणि गोधडी फाटली की पोतेरे.

या घरातल्या मुलाला पर्यावरण हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण घागर किती जड असते हे त्याच्या कमरेला ठाऊक होते. ज्याने पाणी वाहून आणले आहे त्याच्या हातून ते सहसा सांडत नाही.

ही काटकसर अंगणापुरती असली, तरी तिला पाणी पुरवणारी व्यवस्था मैलोगणती पसरलेली होती. अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या ओढ्यावर बंधारे घालून तलाव करण्यात आले. तेथून बंदिस्त दगडी नळाने पाणी शहरात आणले गेले. पंप नाही, इंजिन नाही. कात्रज उंचावर आणि शनिवारवाडा सखल भागात, एवढ्या उतारावर सारा कारभार चाले.

वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. तेथे नळातली हवा बाहेर पडे, गाळ खाली बसे आणि गरजेनुसार माणूस उतरून साफसफाई करू शके. पाणी निवळत निवळत पेठांतल्या हौदांत पोहोचे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांनी नितळ पाण्यासाठी वापरलेली मुख्य युक्ती म्हणजे घाई न करणे. पाण्याला थांबू द्यायचे, गाळ आपोआप तळाशी जातो.

येथवरचे चित्र मोहक आहे, आणि वाड्याविषयी लिहिणारे बहुतेक जण येथेच थांबतात. पण याच चित्राला दुसरी बाजू आहे.

वाड्याचे अंगण लख्ख असे, कारण त्या अंगणातली घाण उचलून नेणारी माणसे वेगळी होती. शौचकूप साफ करणारे मागच्या दाराने येत आणि मागच्याच दाराने जात. ज्यांच्या श्रमांवर वाड्याचे आरोग्य उभे होते त्यांना आडाला हात लावता येत नसे. हौद 'सार्वजनिक' म्हटला, तरी त्या सार्वजनिकात कोण बसतो हे जातीने ठरत असे. तहानलेल्या अस्पृश्य बाईने बाजूला उभे राहून कोणीतरी वरून ओंजळीत पाणी घालील याची वाट पाहायची, हा तेव्हाचा शिरस्ता.

शिवाय शुद्धता आणि स्वच्छता यांत गल्लत होती. सोवळ्याचे पाणी कोणी भरले हे बारकाईने पाहिले जाई. त्या पाण्यात काय आहे हे पाहण्याची रीत नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. बाजारातून आणलेले जिन्नस धुतल्याशिवाय त्या घरात येत नसत आणि त्या धुण्यापायी सारे घर वेठीला धरले जाई. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, म्हणजे त्या आणि बाहुली जवळपास एकाच वयाच्या. एकीचे बालपण विटाळाच्या धाकात गेले. दुसरीच्या नावाने पुढे जो हौद झाला, तेथे विटाळाला जागाच ठेवली नव्हती.

डॉ. विश्राम रामजी घोले (१८३३–१९००) हे गवळी समाजात जन्मलेले नामवंत शल्यचिकित्सक. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते अध्यक्ष होते, आणि १८८८ मध्ये फुल्यांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टरही घोलेच. शिवाजीनगरचा घोले रोड त्यांच्याच नावाचा.

बाहुलीच्या आयुष्याचे शेवटचे वर्ष महाराष्ट्राच्या इतिहासातल्या अत्यंत भीषण वर्षांपैकी एक होते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनभर पसरला होता. खेड्यांतून माणसे पुण्याकडे लोटत होती आणि त्यांत आईबापांपासून तुटलेली मुले होती. १८७७ मध्ये धनकवडी येथे अशा मुलांसाठी बालाश्रम चालवला गेला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले व त्यांचे सत्यशोधक सहकारी या कामात होते. धनकवडी कात्रजच्या वाटेवर आहे. पेशव्यांनी ज्या दिशेने शहरात पाणी आणले, त्याच दिशेला भुकेल्या मुलांना अन्न देण्याची वेळ आली होती.

घोल्यांच्या घरात त्याच सुमारास वेगळा संघर्ष चालू होता. त्यांनी मुलीला शिकवायला घेतले होते. ज्या बुधवार पेठेत १८४८ साली भिडे वाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली आणि १८५१ साली चिपळूणकरांच्या वाड्यात आणखी एक, त्या पेठेतही मुलीच्या हाती पाटी देणे तीस वर्षांनंतर सोपे झालेले नव्हते. नातलगांचा, जातभाईंचा विरोध होता. पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिगत अशी, की आप्तांपैकी कोणीतरी बाहुलीला काचेचा चुरा घातलेला खाऊ दिला आणि ती दगावली.

ही हकिगत तोंडोतोंडी आलेली आहे, आणि ती त्याच सावधपणे घ्यावी. इतिहासाला खात्रीने सांगता येते ते एवढेच : शिकू लागलेली एक मुलगी बालवयात गेली, आणि तिच्या डॉक्टर पित्याने तिच्या मागे हौद बांधला.

हौदच का? देऊळ बांधता आले असते. घाट, छत्री, वृंदावन, अन्नदान, मृताच्या नावाने करण्यासारख्या गोष्टींची परंपरेत वाण नव्हती. मुलीच्या नावाने पाणी देणे ही निवड एका वैद्याची होती, हे विसरून चालणार नाही.

त्या काळात पटकी म्हणजे कॉलरा हे घरोघरचे भय होते. गाडगेभर पाण्यातून तो शिरे आणि दोन दिवसांत पाळणा रिकामा करी. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाचे पाणी आणि कॉलऱ्याचे मृत्यू यांचा संबंध जोडून दाखवला होता. पण रोगाचे कारण असलेला जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्तमध्ये व कलकत्त्यात शोधला. बाहुलीचा हौद त्याच्या आधीचा. म्हणजे जंतू अजून हाती लागला नव्हता, तेव्हा पुण्याच्या मध्यवस्तीत एका डॉक्टरने पिण्याच्या पाण्याची सोय केली, आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली.

'सर्वांसाठी' हा शब्द येथे शब्दशः घ्यायचा. हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनाही मोकळा होता. याला पूर्वसूरी होता : १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पण फुल्यांचा हौद घरचा, गंज पेठेतला. बाहुलीचा हौद बुधवार पेठेत, शहराच्या ऐन हमरस्त्यावर उभा राहिला. घरच्या हौदावर पाणी दिले तर लोक घराला वाळीत टाकतात. रस्त्यावरच्या हौदावर दिले तर साऱ्या पेठेला रोज निर्णय घ्यावा लागतो, की येथून भरायचे की नाही.

पेठेची त्या वेळची स्थितीही ध्यानात घ्यावी. मे १८७९ मध्ये बुधवार वाडा, दुसऱ्या बाजीरावाची ती भव्य वास्तू, आगीत भस्मसात झाला. विश्रामबाग वाड्यालाही त्याच वेळी आगीची झळ बसली. जुन्या सत्तेची उरलीसुरली खूण जळून गेल्यावर वर्षभरात, तिच्या परिसरात, हे इवलेसे बांधकाम झाले.

आणखी एक योगायोग. औरंगजेबाचा पुण्यात मुक्काम असताना त्याचा एक नातू येथे वारला, आणि त्याच्या नावावरून बादशहाने या वस्तीला मुहियाबाद म्हटले. तीच पुढची बुधवार पेठ. बादशहाने मुलासाठी नाव बदलले आणि ते नाव पुसले गेले. पाण्याशी जोडलेले नाव मात्र लोकांच्या ओठांवर राहिले.

घोल्यांच्या कृतीतला विचार आरोग्याच्या अंगाने पाहिला तर विलक्षण आधुनिक आहे. एका घरातले मूल कितीही जपले, त्याला सात्त्विक अन्न दिले, परसात झाडे लावली, पाणी गाळून उकळून पाजले, तरी शेजारच्या गल्लीत पटकी असेल तर ते मूल सुरक्षित नाही. वाड्याच्या व्यवस्थेला हे उमगले नव्हते. तिची हिरवाई भिंतीच्या आत होती आणि तिची घाण भिंतीच्या बाहेर जात होती, नागझरीत नि मुठेत. आतल्या मुलाला काटकसर शिकवली जाई. बाहेरच्या मुलाची तहान हा त्या शिकवणीचा भाग नव्हता.

अर्थात वाड्याचे सारेच टाकाऊ होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कमीत वापरणे, पुन्हा वापरणे, मातीतून आलेले मातीला देणे, हे आज शहरांना नव्याने शिकावे लागत आहे. घरच्या घरी ओला कचरा जिरवणारे कुटुंब, नकळत, त्या परसाकडेच परत जाते आहे. फक्त आता मागच्या दाराने येणारे कोणी असू नये, एवढी अट पाळावी लागते.

हौदांचे युग मात्र सरत आले होते. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले आणि मुठेचे पाणी कालव्याने शहराकडे येऊ लागले. पुढे घरोघर नळ आले. पाण्याचे वजन कमरेवरून उतरले. बायकांचे आणि मुलींचे कष्ट वाचले, ही मोठीच गोष्ट. त्याबरोबर हौदावरचा वावरही संपला. कात्रजचा नळ हळूहळू शहराखाली दडला.

पाण्यावरचा हक्क मात्र नळाबरोबर आपोआप आला नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. त्याची अंमलबजावणी होईना, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. बुधवार पेठेतल्या हौदाला तेव्हा सत्तेचाळीस वर्षे झाली होती.

भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. तेथून बाहुलीचा हौद हाकेच्या अंतरावर. शाळा आणि पाणवठा, पुण्यातल्या मुलामुलींच्या वाढीसाठी झालेल्या दोन मोठ्या प्रयत्नांच्या खुणा, चालत पाच मिनिटांत पाहता येतात. गणपतीच्या दिवसांत मात्र तेवढ्याला अर्धा तास लागतो.

पुण्यात अजूनही हौदांची नावे पत्ता सांगायला उपयोगी पडतात. फडके हौद, काळा हौद, सदाशिव पेठ हौद. कोणाला सरदार घराण्याचे नाव आहे, कोणाला पेठेचे, कोणाला दगडाच्या रंगाचे. या हौदाला मात्र लोक घरातल्या लाडाच्या नावानेच ओळखतात : बाहुलीचा हौद.