मृत्युंजय : एका गायकाचे घर

राजेरजवाड्यांचे वाडे जपण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. गवयाचे घर जपण्याची मात्र नवी. मॉस्को येथे फ्योदोर शल्यापिन या थोर ऑपेरा-गायकाच्या घराचे १९८८ साली संग्रहालय झाले. १९२२ साली मायदेश सोडून गेलेला हा गायक १९३८ साली पॅरिसमध्येच वारला होता. आपल्या राज्यात अशा घराचा शोध घेऊ लागलो की धारवाडचे ‘मृत्युंजय’ आठवते. पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांचे हे राहते घर आता त्यांचे स्मारक-संग्रहालय आहे.

मन्सूर हे ऑपेरा-गायक नव्हेत, हे खरे. परंतु त्या कलेला आपल्याकडे सर्वांत जवळचे ते संगीत नाटक, आणि मन्सूरांचा गळा प्रथम लोकांसमोर आला तो रंगभूमीवरच. धारवाडजवळच्या मन्सूर गावी ३१ डिसेंबर १९१० रोजी जन्मलेला हा मुलगा बालवयातच कन्नड नाटक मंडळीत दाखल झाला. पुढे अप्पय्यास्वामींकडे कर्नाटक संगीत, मिरजेच्या नीलकंठबुवा अलूरमठांकडे ग्वाल्हेर घराण्याची तालीम, आणि नंतर अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ. १९३७ साली मंजीखाँ अकाली निवर्तले, तेव्हा त्यांचे बंधू भूर्जीखाँ यांनी शिक्षण पुढे चालविले.

ही नामावळी पाठ करण्यासाठी सांगत नाही. नकाशा समोर ठेवून ती वाचावी. कन्नड मुलूखातला एक लिंगायत मुलगा मिरजेस विद्या घेतो, आणि उत्तरेकडून येऊन कोल्हापुरास स्थिरावलेल्या मुसलमान घराण्याची गायकी अंगी बाणवितो. उलट दिशेचा प्रवासही तितकाच खरा आहे : १८८० साली पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे. गवई कोणाचा, हा आपल्या सीमाभागात हमखास निघणारा वाद (मीही तरुणपणी तो हिरीरीने घातला आहे) या दोन नावांपुढे थिटा पडतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर व गुलबर्गा हैदराबाद राज्यातून, तर धारवाड मुंबई राज्यातून निघून, एकाच म्हैसूर राज्यात आले. तोवर धारवाड आपल्याला परक्या राज्यातलेच होते. तरीही एक धागा फार पूर्वीचा आहे. शिवमत भैरवासारखे अनवट राग सहजतेने मांडणारे मन्सूर मैफलीत कन्नड वचनेही गात. बाराव्या शतकात बसवण्णा आणि त्यांच्या सोबतीच्या शरणांची वचने जेथे बहरली, ते कल्याण म्हणजे आपल्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. येथल्या शब्दांना मिरज-कोल्हापूरकडून आलेल्या विद्येचा स्वर धारवाडच्या गळ्यात मिळाला.

१२ सप्टेंबर १९९२ रोजी मन्सूर गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले होते. आवाज काही घरात कोंडून ठेवता येत नाही, तो ध्वनिमुद्रिकांत आहे. म्हणून ‘मृत्युंजय’ पाहावयास जाल तेव्हा आधी त्यांचे एखादे वचन ऐकून जा, आणि परतताना बसवकल्याणला उतरा.