आकाशातला सागरी मैल

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर आपण सुमारे ७,२०० किलोमीटर म्हणून वाचतो. वैमानिकाच्या उड्डाण-आराखड्यात मात्र अंतर सागरी मैलांत असतं आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. विमानाने गलबतांची मापं वापरावीत, हा अनेकांना जुन्या सवयीचा हट्ट वाटतो. मला तसं वाटत नाही. खलाशी आणि वैमानिक दोघांपुढची अडचण एकच आहे: खाली रस्ता नाही, मैलाचे दगड नाहीत आणि ज्यातून जायचं ते पाणी किंवा ती हवा स्वतःच वाहते आहे.

सागरी मैल थेट पृथ्वीच्या गोलाईवरून घेतलेला आहे. अक्षांशाच्या एका अंशाची साठ मिनिटं. त्यातल्या एका मिनिटाएवढं भूपृष्ठावरचं अंतर म्हणजे एक मैल. त्यामुळे नकाशाच्या कडेची अक्षांशांची पट्टी हीच खलाशाची मोजपट्टी झाली. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याने हे मिनिट विषुववृत्ताजवळ सुमारे १,८४३ मीटर, तर ध्रुवाजवळ सुमारे १,८६२ मीटर भरतं. ब्रिटिशांचा मैल ६,०८० फुटांचा होता, इतरांचे थोडे वेगळे. अखेर १९२९ साली मोनाको इथल्या परिषदेत १,८५२ मीटर हा आकडा ठरला. अमेरिकेने तो १९५४ साली स्वीकारला, ब्रिटनने १९७० साली. आता कोणी म्हणेल, मैल मीटरवरच बेतला आणि हिशेब संगणक करतो, तर थेट किलोमीटर का नकोत? आक्षेपात तथ्य आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांतही हा मैल तात्पुरता म्हणूनच टिकून आहे, फक्त तो कधी सोडायचा याची मुदत ठरलेली नाही. पण दोन विमानतळांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे पृथ्वीच्या मध्याभोवती काढलेल्या बृहद्वृत्ताचा कंस. त्याचं गणित मुळात अंशांत सुटतं, आणि अंशांना साठाने गुणलं की मैल हाती येतात. इतकं सोयीचं माप कोणी सहजी टाकत नाही.

नॉटची कहाणी याहून बोलकी आहे. दोरीला बांधलेली फळी गलबताच्या मागे पाण्यात सोडायची आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईतो दोरीच्या किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचं. यातून वेग कळे तो पाण्याच्या तुलनेतला. पाणी स्वतः कुठे वाहतं आहे, हे ती फळी सांगत नसे. विमानाचा वेगदर्शकही हवेच्या तुलनेतलाच वेग दाखवतो. म्हणून अंतराला वेगाने भागून प्रवासाची वेळ काढली, तर ती चुकण्याचीच शक्यता जास्त. २०१६ साली एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० किलोमीटरपर्यंत वाढली, तरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा पाठीशी आल्याने प्रवास सुमारे दोन तासांनी कमी झाला.

मग अंतराचा आकडा निरुपयोगी का? मुळीच नाही. इंधनाचा हिशेब तिथूनच सुरू होतो आणि वाट किती वाकडी केली हेही त्याच्याशीच ताडून कळतं. वेळापत्रकातल्या वेळेत मात्र वारा असतो, आणि धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचा व रांगेत थांबण्याचा वेळही. म्हणूनच लंडनला जाताना लागतो त्यापेक्षा मुंबईला परतताना साधारण तासभर कमी लागतो. मैल दोन्हीकडून तेवढेच.