नरोरा, १९९३: राखीव वीज जळते तेव्हा

३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या संचात टर्बाइनची दोन पाती तुटली. हायड्रोजन गळून पेटला, पाठोपाठ तेलही. चालकांनी अणुभट्टी तत्काळ बंद केली. परंतु बंद भट्टीतील इंधनही उष्णता सोडतच राहते, आणि ती काढून नेणाऱ्या पंपांना वीज लागते. डिझेल जनित्रे होती, बॅटऱ्याही होत्या. त्यांच्या केबली मात्र मुख्य केबलींच्या शेजारूनच गेलेल्या. आगीने भेद केला नाही. सुमारे १७ तास संच वीजहीन होता. साखळी अभिक्रिया पुन्हा सुरू होऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी विजेरीच्या उजेडात वर चढून भट्टीत बोरॉन सोडले. बाष्पजनित्रांना पाणी पुरवले ते अग्निशमनाच्या डिझेल पंपांनी. त्यांना केबलची गरजच नव्हती!