सॅल्मनचा डबा आणि गिऱ्हाइकाचा हात

१८६४ साली कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीत नांगरलेल्या एका पडावावर ह्यूम बंधू आणि त्यांचा जुना स्नेही हॅपगुड यांनी सॅल्मन मासा पत्र्याच्या डब्यात भरायला सुरुवात केली. हॅपगुडला पत्र्याचे काम येत होते, ह्यूम मंडळींना मासेमारी. पहिल्या वर्षीचे निम्मेअधिक डबे सडून गेले. शिवाय वरच्या डोंगरांतल्या सोन्याच्या खाणींचा गाळ नदीत उतरत होता आणि मासा कमी होत चालला होता. दोनच वर्षांत त्यांनी बाडबिस्तरा उचलला आणि उत्तरेकडची कोलंबिया नदी गाठली. एक नदी बिघडली की पुढची शोधायची, ही रीत या धंद्याला जन्मापासूनच लागली.

सॅल्मन गोड्या पाण्याच्या झऱ्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच झऱ्याकडे परततो. पॅसिफिक महासागरातल्या बहुतेक जाती त्यानंतर मरतात. म्हणजे ठरावीक दिवसांत एका खोऱ्याचा सगळा मासा नदीच्या अरुंद मुखातून जातो. तिथे जाळे टाकून बसणाऱ्याला माशामागे धावावे लागत नाही. मासाच दाराशी येतो.

१८८३ साली कोलंबियाच्या काठावर जवळजवळ चाळीस कारखाने होते आणि त्या एका हंगामात सुमारे सहा लाख तीस हजार पेट्या भरल्या गेल्या. प्रत्येक पेटीत एकेक पौंडाचे अठ्ठेचाळीस डबे. मासे सोलण्याचे, कापण्याचे, डाक लावण्याचे काम बहुतांशी चिनी मजुरांकडे होते. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना देशाचे दार बंद करणारा कायदा केला होता. सुरुवातीच्या काळात यातले बरेच डबे जहाजाने इंग्लंडला जात. ताजे मांस न परवडणाऱ्या गिरणीकामगाराच्या घरी ते स्वस्तात मिळणारे सकस अन्न होते. त्या कामगाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या ताटाची आणि त्या नदीची गाठ पडलेली आहे, हे त्याला कळायला वावच नव्हता. डब्यावरच्या कागदावर मासा असे, नदीची हकिगत नसे.

इशारे मिळत नव्हते असेही नाही. पण १८७५ साली अमेरिकेचे मत्स्य आयुक्त स्पेन्सर बेअर्ड यांनी सल्ला दिला, की मासेमारीवर कायदे लादत बसण्यापेक्षा कृत्रिम उबवणीने मासा वाढवणे सोपे आणि स्वस्त. कारखानदारांना हे ऐकायला गोड लागले. माझ्या मते डब्याइतकेच या सल्ल्यानेही सॅल्मनचे नुकसान केले, कारण नदी हरवली तरी मासा तयार करता येईल असा भरवसा त्याने पुढच्या कित्येक पिढ्यांना दिला.

कोलंबियाच्या काठावरच्या मूळ रहिवाशांचा हिशेब वेगळा होता. हंगामातला पहिला मासा विधिपूर्वक वाटून खायचा, आणि अनेक जमातींत त्याची हाडे पुन्हा नदीत सोडायची. या विधीच्या दिवसांत पुष्कळ ठिकाणी बाकीची मासेमारी थांबे आणि तेवढे मासे वर निघून जात. १८५०च्या दशकातल्या करारांत या लोकांनी जमिनी दिल्या, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे तो हक्क बजावताना त्यांनाच अटक होऊ लागली. वॉशिंग्टन राज्यातल्या निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना पहिली अटक चौदाव्या वर्षी झाली, नंतर पन्नासहून अधिक वेळा. १९७४ साली न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी त्या राज्यातल्या करारबद्ध जमातींना धरण्याजोग्या माशांचा निम्मा वाटा मिळाला पाहिजे असा निकाल दिला.

तोवर खुद्द कोलंबियात वाटून घ्यायला फारसे उरले नव्हते. एके काळी तिच्यात दर वर्षी एक कोटी ते एक कोटी साठ लाख मासे परतत असावेत, असा अंदाज आहे. ग्रँड कूली धरणात माशांना चढायला पायऱ्याच नव्हत्या. १९५७ साली डॅलेस धरणाच्या पाण्याखाली सेलिलोचा धबधबा आणि त्यावरची हजारो वर्षांची मासेमारी काही तासांत बुडाली. १९९२ साली आयडाहोतल्या रेडफिश सरोवरात सॉकाय जातीचा एकच नर परतला. त्या धरणांची वीज वापरणाऱ्यांपैकी कित्येकांनी सॅल्मन तोंडातही घातला नसेल.

मग खाणाऱ्याच्या निवडीने काय होते? याचे उत्तर अलास्कात शोधावे लागते. तिथेही बाहेरच्या कंपन्यांच्या सापळ्यांनी मासा इतका आटवला होता, की १९५३ साली तो भाग आपद्‌ग्रस्त जाहीर करावा लागला. १९५६ साली मतदारांनी नव्या राज्यघटनेबरोबर सापळ्यांवरची बंदीही मंजूर केली. मासा कायम टिकेल एवढाच धरायचा, हे तत्त्व त्या घटनेतच लिहिलेले आहे. आजही ब्रिस्टल बेच्या नद्यांकाठी माणसे मचाणावर बसून वर जाणारे मासे मोजतात. पुरेसे मासे वर जाताहेत की नाही हे पाहूनच जाळी उघडायची की मिटायची ते ठरते. १९५९ साली, राज्य झाले त्या वर्षी, अलास्कात सुमारे अडीच कोटी सॅल्मन धरले गेले. २०१३ साली पंचवीस कोटींहून जास्त. (यातले बरेचसे गुलाबी सॅल्मन उबवणी केंद्रांतले होते. बेअर्डसाहेब अजून पुरते गेलेले नाहीत.)

या कोळ्यांवर संकट आले ते बाजारातून. १९७० साली नॉर्वेच्या हित्रा बेटावर ग्रोन्टवेट बंधूंनी समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात सॅल्मन वाढवून दाखवला आणि वीस वर्षांत पिंजऱ्यातल्या माशाने जगभरचे भाव पाडले. ब्रिस्टल बेच्या कोळ्याला १९८८ साली पौंडाला दोन डॉलरच्या वर मिळत होते, २००१ साली अर्धा डॉलरही मिळेना. पिंजऱ्यांतून उवा आणि रोग रानटी माशांपर्यंत पोचतात, हा आक्षेप वेगळाच. अलास्काने १९९० सालीच अशा शेतीवर बंदी घातली होती. पण बंदीने भाव येत नाही. २००० साली अलास्काच्या सॅल्मनला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले, ते या पडत्या काळात. घटनेला तेव्हा चार दशके होऊन गेली होती. शिक्क्याने मासा वाचवला नाही. वाचलेल्या माशाला गिऱ्हाईक मिळवून द्यायला मदत केली. त्या गिऱ्हाइकाची किंमत पुढे कळली. ब्रिस्टल बेच्या उगमाशी पेबल नावाची तांब्या-सोन्याची प्रचंड खाण येऊ घातली, तेव्हा मूळ रहिवाशांबरोबर कोळी आणि मासे विकत घेणारे आचारीही विरोधात उभे राहिले. नदीवर त्यांची चूल चालत होती. जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने त्या खाणीचा गाळ तिथे टाकायला मनाई केली.

आपल्याकडे या निवडीची सुरुवात नावापासूनच करावी लागते. मुंबईच्या हॉटेलांत ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून मिळतो तो आपला रावस. त्याचे सॅल्मनशी नाते नाही. आणि पाटीवर ‘अटलांटिक सॅल्मन’ असेल, तर तो पिंजऱ्यातला आहे असे जवळजवळ धरूनच चालावे.

जिथे पहिला डबा भरला गेला त्या कॅलिफोर्नियात मात्र सॅल्मनची व्यावसायिक मासेमारी २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे बंद ठेवावी लागली. त्या राज्याच्या उत्तरेला क्लामथ नदीवरची चार धरणे २०२४ सालापर्यंत पाडून झाली. शेवटचे धरण हटल्यावर काही आठवड्यांतच, ऑक्टोबरमध्ये, सॅल्मन त्या जागा ओलांडून वर ओरेगॉनपर्यंत गेलेले दिसले.