मीडिऑक्रिटी

मीडिऑक्रिटी हे इंग्रजी भाषेतील भाववाचक नाम असून गुणवत्तेतील सुमारपणा असा त्याचा प्रचलित अर्थ आहे. त्याचे विशेषण 'मीडिऑकर' असे होते. सुमार योग्यतेच्या व्यक्तीलाही 'मीडिऑक्रिटी' म्हटले जाते.

व्युत्पत्ती

या शब्दाचे मूळ लॅटिन 'मेडिओक्रिस' या शब्दात आहे. 'मेडिअस' म्हणजे मधला आणि 'ओक्रिस' म्हणजे खडबडीत डोंगर. त्यावरून डोंगराच्या मध्यावर असलेला, असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. फ्रेंच भाषेतून तो इंग्रजीत आला.

अर्थातील बदल

लॅटिनमध्ये हा शब्द नेहमीच निंदाव्यंजक नव्हता. इ.स.पू. पहिल्या शतकातील रोमन कवी होरेस याने दारिद्र्य व ऐश्वर्य ही दोन्ही टोके टाळणाऱ्या 'सुवर्ण मध्या'ची प्रशंसा करताना हाच शब्द योजला. इंग्रजीतही पूर्वी तो मध्यम स्थिती व मिताचार या अर्थांनी वापरला जाई. कालांतराने हे अर्थ मागे पडून कमीपणाची छटा रूढ झाली.

'ॲव्हरेज' हा शब्द मोजमाप सांगतो, तर 'मीडिऑकर' हा शब्द मूल्यनिर्णय देतो. वर्गाच्या सरासरीइतके गुण मिळणे हा दोष नव्हे. परंतु एखाद्या कामाला 'मीडिऑकर' म्हटल्यास ते अपेक्षेपेक्षा कमी उतरले, असे सूचित होते. खगोलशास्त्रातील 'मीडिऑक्रिटी तत्त्वा'त मात्र ही निंदा नाही. विश्वातील पृथ्वीचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण मानू नये, एवढेच ते सांगते.

वापर

१९७० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी हॅरोल्ड कार्सवेल यांचे नाव सुचवले गेले. सुमार लोकांनाही प्रतिनिधित्व हवे, असा त्यांचा बचाव सिनेटर रोमन हृस्का यांनी केला. हे समर्थन उपहासाचा विषय ठरले आणि सिनेटने ५१ विरुद्ध ४५ मतांनी नियुक्ती फेटाळली. पीटर शॅफर यांच्या 'अमाडेयस' (१९७९) या नाटकातील सालिएरी मोत्सार्टच्या प्रतिभेपुढे स्वतःला सुमारांचा कैवारी म्हणवतो.

मराठी प्रतिशब्द

मराठीत सुमारपणा, सामान्यपणा, मध्यम वकूब हे प्रतिशब्द वापरले जातात. 'सुमार' हा मूळ फारसी शब्द मोजणी वा अंदाज या अर्थाचा असून 'सुमारे' व 'बेसुमार' या शब्दांत तो अर्थ टिकून आहे. गुणवत्तेसंबंधी मात्र तो कमीपणाच दाखवतो. त्यामुळे 'मध्यममार्ग' हा 'मीडिऑक्रिटी'चा आजच्या अर्थाने प्रतिशब्द ठरत नाही.